वाचकांचे प्रश्न : जियांगशीची घरे, शांघायचे हॉटेल

शांघायच्या ‘अमानयांगयुन’ या हॉटेलविषयी एक छोटी नोंद या सदरात आली आणि त्यानंतर बरीच पत्रे आली. ज्यांच्या वाचनातून ती नोंद निसटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चीनच्या जियांगशी प्रांतात फूचौ नावाचा परिसर आहे (फूजियान प्रांताची राजधानी असलेले फूचौ वेगळे). तिथे लियाओफांग जलाशयाचे काम सुरू झाल्यावर, पाण्याखाली जाणाऱ्या गावांतून मा दादोंग या मूळच्या तिथल्याच उद्योजकाने मिंग आणि छिंग राजवटींच्या काळातली (चौदाव्या शतकापासून विसाव्याच्या आरंभापर्यंतची) सुमारे ५० घरे आणि सुमारे १०,००० कापराची झाडे हलवली. ती ७०० किलोमीटरहून अधिक अंतरावर, शांघायच्या मिनहांग जिल्ह्यात आणून त्याने पुन्हा उभी केली. वास्तुरचनाकार केरी हिल यांच्या कचेरीने त्यांच्याभोवती आराखडा केला आणि २०१८ मध्ये तिथे हॉटेल सुरू झाले. निवडक पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त शांघायला असतो. त्याच्याकडे गेलो असताना आम्ही हे हॉटेल पाहिले. तिथल्या माणसाने घरे ‘जशीच्या तशी’ आणल्याचे सांगितले. विटा-दगडांचे एवढे मोठे घर जसेच्या तसे कसे आणता येईल? आणि आणले तरी ते तेच घर आहे असे म्हणता येईल का? — एक वाचिका, ठाणे

घर उचलून आणत नाहीत, उतरवून आणतात. ते शक्य होते याचे कारण या घरांच्या बांधणीतच आहे. बाहेरून आपल्याला करड्या विटांच्या उंच, जवळजवळ बिनखिडकीच्या भिंती दिसतात, परंतु छपराचा भार त्या भिंती पेलत नाहीत. तो पेलतो आतला लाकडी सांगाडा, म्हणजे खांब, खांबांतून आरपार जाणाऱ्या आडव्या तुळया आणि त्यांच्यावरचे वासे. ‘भिंत कोसळली तरी घर कोसळत नाही’ अशी चिनी भाषेत म्हणच आहे. सांध्यांत खिळे जवळपास नसतात. एका लाकडाची कूस दुसऱ्याच्या खाचेत घट्ट बसवलेली असते, आणि म्हणून जाणता सुतार बांधणीच्या उलट क्रमाने, कौलांपासून सुरुवात करून, सगळा सांगाडा मोकळा करू शकतो.

परंतु मोकळा करण्याआधीचे काम अधिक महत्त्वाचे असते. घराचे मोजमाप, नकाशे आणि छायाचित्रे झाल्यावर प्रत्येक नगावर क्रमांक घातला जातो, आणि त्यात केवळ ‘अमुक ओळीतला अमुक खांब’ एवढे पुरत नाही, तर त्या खांबाचे तोंड कोणत्या दिशेला होते हेही नोंदवावे लागते. हे खांब यंत्रावर कातलेले नसतात. झाड जसे वाढले तसा खांबही किंचित वाकलेला असतो आणि खाचा त्या वाकाला धरून पाडलेल्या असतात, त्यामुळे खांब स्वतःभोवती थोडासा जरी फिरवून उभा केला तरी तुळईची कूस आत जात नाही. गोदामात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या लाकडांवरचे क्रमांक पुसट झाले म्हणजे पुढचे सुतारकाम किती जिकिरीचे होत असेल, याची कल्पना यावरून करता येईल.

दगडाचे प्रश्न वेगळे असतात. या घरांत दरवाजाची चौकट दगडी असते, चौकटीवरच्या पट्टीत अक्षरे कोरलेली असतात, दाराच्या दोन्ही बाजूंना नगाऱ्याच्या आकाराचे कोरीव दगड असतात आणि प्रत्येक खांबाखाली, लाकडाला जमिनीची ओल लागू नये म्हणून, तळखडा असतो. मध्यभागी आपल्या वाड्याच्या चौकासारखी उघडी जागा असते, चारी बाजूंच्या छपरांचे पाणी तिथे उतरते, आणि तिची दगडी फरसबंदी त्या पाण्याला वाट देण्यासाठी अगदी बारकाईने उतार देऊन घातलेली असते. जुना चुना मऊ असल्याने दगड एकमेकांपासून सुखरूप सुटतात. मात्र मधल्या काळात कोणी सिमेंटने डागडुजी केलेली असेल तर सिमेंट सुटत नाही, दगडाचीच कड फुटते.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. लाकूड, वीट आणि दगड यांतला टिकलेला भाग तोच आहे, हे मान्य करायला हरकत नाही. पण खांबांचे कुजलेले तळ कापून तिथे नवे लाकूड सांधावे लागते, फुटक्या विटांच्या जागी दुसऱ्या विटा येतात, आणि हॉटेलची खोली करायची म्हटल्यावर न्हाणीघर, वातानुकूलन, विजेच्या तारा, ओल अडवणारे थर हे सारे आलेच. अमानयांगयुनमध्ये या जुन्या घरांपैकी १३ घरे चार-चार शयनगृहांचे बंगले म्हणून पाहुण्यांना दिली जातात. एखाद्या कुळाच्या चार पिढ्या जिथे एकत्र नांदत होत्या, दिवाणखान्यात पूर्वजांच्या नावांच्या पाट्या होत्या, ते घर असे बदलल्यावर त्याला ‘तेच घर’ म्हणणे मला जड जाते. पाठीशी टेकडी आणि पुढ्यात पाणी पाहून ज्या घराची दिशा ठरवली होती, ते शांघायच्या सपाट मातीवर उभे राहिल्यावर ती दिशा कशासाठी होती हे घराकडे पाहून कळत नाही.

याच तऱ्हेचे, पण वेगळ्या विचाराने झालेले एक काम आपण ताडून पाहावे. आनह्वेई प्रांतातल्या ह्वांगत्सुन गावातले ह्वांग कुटुंबाचे सुमारे दोनशे वर्षांचे घर १९९७ मध्ये उतरवले गेले, अमेरिकेतल्या सेलम या गावी नेले गेले आणि तिथल्या पीबडी एसेक्स संग्रहालयात २००३ पासून ते लोकांसाठी खुले आहे. तिथे घर ‘मूळ रूपात’ आणण्याच्या नादात पुढच्या काळाच्या खुणा खरवडून टाकल्या नाहीत. माओंच्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात (१९६६-७६, जुन्या रूढी आणि खुणा मोडण्याची मोहीम) घराघरांत बसवलेला ध्वनिवर्धकही तिथे आहे. जियांगशी आणि आनह्वेईतल्या कितीतरी घरांत त्याच काळात कोरीव आकृत्यांचे चेहरे छिन्नीने उडवले गेले. काही ठिकाणी लोकांनी कोरीवकामावर चिखल लिंपून ते वाचवले. असा फुटका चेहरा नव्याने कोरून गोंडस करायचा, की तसाच ठेवायचा, या एका निर्णयावरून स्थलांतर करणाऱ्याचा हेतू ओळखता येतो, असे माझे मत आहे.

प्रश्न : मी उद्यानविद्या शिकवतो. आमच्याकडे पंधरा-वीस वर्षांचे आंब्याचे झाड हलवायचे म्हटले तरी धाकधूक असते. शेकडो वर्षांची झाडे सातशे किलोमीटर नेऊन जगतात, यावर विश्वास कसा ठेवायचा? — एक वाचक, दापोली

आपली शंका योग्य आहे, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणात घरांपेक्षा झाडांचा प्रश्न अवघड आहे. घराचा सांधा चुकला तर पुन्हा सोडवता येतो. झाडाला ती सवलत नाही.

पद्धत आपल्याला परिचितच आहे, फक्त माप अफाट आहे. झाड उचलण्याच्या आधी दोन-तीन वर्षे, टप्प्याटप्प्याने, खोडाभोवती अर्धवर्तुळाकार चर खणून जाड मुळे तोडली जातात आणि चर भुसभुशीत मातीने भरले जातात. तुटलेल्या टोकांपासून बारीक पांढरी मुळे फुटून ती हुंडीच्या, म्हणजे मुळांसकट उचलायच्या मातीच्या गोळ्याच्या, आत राहावीत, असा त्यामागचा हेतू असतो. घाईच्या कामात हीच पायरी गाळली जाते. जलाशयाला पाणी अडवण्याची तारीख ठरलेली असताना तीन वर्षे थांबायला कोण तयार होणार? मग मुळे एकदम तुटतात आणि त्यांची भरपाई वरच्या फांद्या छाटून केली जाते. चीनमध्ये रस्त्याकडेला, खोडाला काथ्याचे दोर गुंडाळलेली, फांद्या थोट्या करून टाकलेली आणि रुग्णाला सलाइन लावावे तशा पोषकद्रव्याच्या पिशव्या टांगलेली मोठी झाडे अनेकांनी पाहिली असतील. ती याच तंत्राची खूण आहे. हॉटेलच्या अंगणातल्या सर्वांत मोठ्या वृक्षाला तिथे ‘राजवृक्ष’ म्हणतात. त्याचे वय हजार वर्षांहून अधिक आणि वजन ८० टन असल्याचे हॉटेल सांगते. एवढा भार नेताना वाटेतल्या पुलांची ताकद, बोगद्यांची उंची, विजेच्या तारा हे सारे आधी तपासावे लागते. हुंडीला तडा गेला तर आतली मुळे सुटी होतात आणि पुढचे सगळे व्यर्थ जाते.

झाड पोहोचले म्हणजे संपले असेही नाही, आणि इथे आपल्याला रस वाटेल असा एक मुद्दा आहे. कापराच्या झाडाला आम्लधर्मी जमीन मानवते आणि जियांगशीची लाल माती तशी आहे. शांघाय मात्र नदीच्या गाळावर वसलेले आहे. तिथली माती बऱ्याच ठिकाणी किंचित विम्ल (अल्कधर्मी) आणि भूजल पृष्ठभागाच्या अगदी जवळ. अशा मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, पाने शिरांच्या मध्ये पिवळी पडत जातात आणि झाड हळूहळू निस्तेज होते. शांघायच्या रस्त्यांवर लावलेल्या कापराच्या झाडांत हा पिवळेपणा सर्वपरिचित आहे. म्हणून तिथे जुने झाड लावायचे तर जमिनीत खोल न पुरता उंचवट्यावर लावावे लागते, निचऱ्यासाठी खाली खडी घालावी लागते, माती बदलावी लागते आणि मग वर्षानुवर्षे पानांचा रंग पाहत राहावे लागते. लागवडीनंतर दोन वर्षे हिरवे दिसलेले झाड खोडात साठवलेल्या अन्नावर तग धरून असू शकते, त्यामुळे ‘जगले’ हा निकाल दहा वर्षांच्या आत देऊ नये. अमानयांगयुनच्या झाडांना ती वर्षे मिळाली आहेत आणि त्यांतली कित्येक आज दाट सावली देत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे.

आणि कापराचे झाड तिकडच्या गावांना काय होते हेही लक्षात घ्यावे. आपण देवापुढे जाळतो तो कापूर पूर्वी याच झाडाच्या लाकडातून काढला जात असे (आता बाजारात येणारा बहुतेक टर्पेंटाइनपासून बनवलेला असतो). दक्षिण चीनमध्ये मुलगी जन्मली की दारी कापराचे झाड लावायचे आणि तिच्या लग्नात त्याच्या लाकडाची पेटी करून द्यायची, अशी जुनी रीत होती, कारण त्या पेटीतल्या कपड्यांना कसर लागत नाही. गावाच्या वेशीवरचे सर्वांत थोरले झाड मात्र कोणी तोडत नसे. त्याच्या बुंध्याशी उदबत्त्या लावल्या जात. असे झाड हलवले जाते तेव्हा ते वाचते, पण त्याच्याशी नाते सांगणारी माणसे दुसऱ्याच कुठल्या वसाहतीत गेलेली असतात.

प्रश्न : लोकांचा वारसा श्रीमंतांच्या हॉटेलात का जावा? चीनसारख्या देशात याला कायद्याचा अडसर नाही का? — एक वाचक, पुणे

अडसर आहे. अचल वास्तुवारसा मूळ जागीच जपावा, स्थलांतर अपवादानेच आणि सरकारी मंजुरीने व्हावे, हे तत्त्व चीनच्या सांस्कृतिक वारसा संरक्षण कायद्यात आहे. वास्तुजतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतही तेच आहे. खासगी मालकीची अशी वास्तू परदेशी व्यक्तीला विकण्यास किंवा गहाण ठेवण्यास तिथला कायदा मनाई करतो. पण हे संरक्षण मिळते ते नोंद झालेल्या वास्तूला. २००७ ते २०११ या काळात झालेल्या तिसऱ्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ७ लाख ६६ हजार वास्तूंची नोंद झाली, आणि आधीच्या यादीतल्या सुमारे ४४ हजार वास्तू नाहीशा झाल्याचेही त्याच वेळी उघड झाले. यादीबाहेरच्या शेतकऱ्याच्या पडक्या घराला तर कोणी वालीच नव्हता. नव्वदीच्या दशकापासून आनह्वेई आणि जियांगशीतली अशी घरे दलालांनी घेतली. काही अख्खी गेली; बहुतेकांच्या कोरीव खिडक्या, दारे आणि तळखडे तेवढे सुटे करून विकले गेले. मला चीड येते ती या दुसऱ्या प्रकाराची. अख्खे घर कुठेतरी उभे राहिले तर निदान अभ्यासता येते. खिडकी एकीकडे, खांब दुसरीकडे, उपाहारगृहाच्या भिंतीवर शोभेला, असे झाले की घर कायमचे गेले.

हा वाद चिनी समाजातही झाला आहे. अभिनेते जॅकी चॅन यांनी पूर्वी विकत घेतलेल्या दहा जुन्या वास्तूंपैकी चार सिंगापूरच्या एका विद्यापीठाला देण्याचे २०१३ मध्ये जाहीर केले तेव्हा समाजमाध्यमांवर त्यांच्यावर टीकेची झोड उठली. देशाचा वारसा बाहेर का, हा एक सूर होता आणि इतकी वर्षे ती लाकडे गोदामात असताना देशाने काय केले, हा दुसरा.

झाडांच्या बाबतीत नियम नंतर कडक झाले. शांघायसह अनेक शहरांनी झटपट हिरवाईसाठी खेड्यापाड्यांतली मोठी झाडे उचलून आणण्याची टूम काढली होती. २००९ मध्ये राष्ट्रीय वनप्रशासनाने जुनी झाडे शहरात आणण्यास मनाई करणारे पत्रक काढले, आणि प्राचीन वृक्षांच्या संरक्षणाचे राष्ट्रीय नियम १५ मार्च २०२५ पासून लागू झाले. शंभर वर्षांवरील झाड प्राचीन, त्यातही तीनशे आणि पाचशे वर्षांवरील झाडांना चढत्या श्रेणीचे संरक्षण, आणि जपणूक जागेवरच, असा त्यांचा गाभा आहे. मोठ्या बांधकामासारख्या मोजक्या कारणांसाठीच स्थलांतराला वाट ठेवली आहे.

तेव्हा हॉटेलला दोष द्यावा का? पाणी चढणारच होते, आणि २००२ च्या सुमारास मा दादोंग यांनी हे काम अंगावर घेतले तेव्हा तेवढ्या घरांसाठी दुसरे कोणी पैसे घेऊन उभे नव्हते. म्हणून त्यांच्या कामाला मी बाजारू म्हणत नाही. माझी अपेक्षा एवढीच आहे की प्रत्येक घर कोणत्या गावचे, कोणत्या कुळाचे, त्यातले नवे किती आणि जुने किती, हे दारावर लिहिलेले असावे आणि उतरवतानाचे नकाशे अभ्यासकांना खुले असावेत. या उदाहरणाकडे बोट दाखवून, जिथे धरण नाही, पूर नाही, तिथलीही घरे उचलणारे व्यावसायिक पुढे येतात, तेव्हा त्यांना ही सबब मिळू नये.

प्रश्न : साळावली धरणात आमचे कुर्डी गाव गेले. तिथले महादेवाचे देऊळ दगड-दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा बांधले, त्यामुळे हा विषय आम्हाला परका नाही. चीनने धरणे बांधताना सरकारी पातळीवर काय केले? — एक वाचक, मडगाव

कुर्डीच्या लोकांनी हा अनुभव घेतलेला आहे, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर आजही ते मूळ जागी जमतात. त्यामुळे देऊळ वाचले तरी जागेची ओढ राहते हे आपल्याला मी सांगायला नको.

चीनमधले सर्वांत धाडसी काम जुने आहे. पीतनदीवरच्या सानमनशिया धरणामुळे शान्शी प्रांतातले योंगल हे ताओ पंथाचे मंदिर बुडणार होते. त्याच्या भिंतींवर युआन काळातली, जवळजवळ एक हजार चौरस मीटर चित्रे आहेत. मुख्य दालनातली १३२५ मध्ये पूर्ण झाली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कारागिरांनी ही चित्रे मागच्या मातीच्या थरासह करवतीने कापून शेकडो तुकड्यांत भिंतींवरून सोडवली, लाकडी चौकटींत बांधून सुमारे वीस किलोमीटरवरच्या रुईछंगला नेली आणि नव्याने उभारलेल्या मंदिरात पुन्हा बसवली. तिथे आज उभे राहिले तर चित्रांतले बारीक सांधे नजरेला सापडतात. ते लपवण्याचा फार प्रयत्न केलेला नाही, हे मला फार आवडते.

यांगत्से नदीवरच्या तीन घळींच्या (थ्री गॉर्जेस) धरणाच्या वेळी युनयांगचे चांग फेई मंदिर प्रवाहाच्या वरच्या अंगाला सुमारे तीस किलोमीटरवर, नदीकाठीच हलवले गेले. पण बाइहलियांगचा निर्णय याहून वेगळा आणि माझ्या मते अधिक शहाणपणाचा होता. फूलिंगजवळ यांगत्सेच्या पात्रातल्या या लांबट खडकावर सुमारे बारा शतकांच्या नीचतम जलपातळीच्या नोंदी आणि माशांच्या आकृत्या कोरलेल्या आहेत. खडक तोडून काठावर आणला असता तर त्या पातळीला अर्थच राहिला नसता. म्हणून त्याच्यावर पाण्याखालीच कवच बांधले गेले, आत आणि बाहेर पाण्याचा दाब सारखा ठेवला गेला, आणि २००९ पासून लोक सुमारे चाळीस मीटर खाली जाऊन काचेच्या खिडक्यांतून तो पाहतात. हा खर्च सरकारने केला. फूचौच्या शेतकऱ्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या घरांसाठी असा खर्च झाला नाही, कारण ती राष्ट्रीय यादीत नव्हती.

प्रश्न : एवढ्या महागड्या हॉटेलात न राहता अशी घरे आणि झाडे कुठे पाहता येतील? — एक वाचिका, कोल्हापूर

आनह्वेईतले छियानखौ इथले संग्रहालय पाहावे. आसपासच्या गावांत जागेवर जपणे अशक्य झालेली मिंग काळातली घरे सरकारने १९८० च्या दशकात तिथे एका टेकडीवर आणून मांडली, आणि ती तिकीट काढून कोणालाही पाहता येतात. त्याच भागातली शीदी आणि होंगत्सुन ही गावे २००० पासून जागतिक वारसा यादीत आहेत. गर्दी फार असते, पण घरांत माणसे राहतात.

मला विचाराल तर जियांगशीतल्या ल्योउखंग गावाला जावे. ते त्याच फूचौ परिसरात, लआन तालुक्यात आहे, आणि दोंग कुळाची मिंग-छिंग काळातली घरे तिथे मूळ जागी उभी आहेत. कोरीव पट्ट्या दारांवरच आहेत, तळखडे खांबांखालीच आहेत. जवळच नदीच्या काठाने जुन्या कापराच्या झाडांची मोठी राई पसरलेली आहे. पावसाळ्यात वाटा निसरड्या होतात, तेव्हा हिवाळ्याच्या सुरुवातीला जाणे चांगले, आणि एखादा चिनी जाणणारा सोबती असेल तर दारावरची अक्षरे वाचून घ्यावीत.